प्रफुल्ल घागचा तिसरा सामना

प्रफुल्ल घाग भारताकडून दोन एकदिवसीय सामने खेळला. तिसरा राहिला. तो का राहिला, हे बरीच वर्षं तीनच माणसांना माहीत होतं. तो स्वतः, त्याची बायको योगिनी आणि मी. गेल्या डिसेंबरात ते चौथ्या माणसाला कळलं. मग प्रफुल्लच मला म्हणाला, "काका, आता लिहायचं असेल तर लिहा. फक्त मला बिचारा करू नका." म्हणून लिहितो.

त्याचे वडील महिपत घाग आणि मी ठाण्याच्या एकाच कारखान्यात होतो, फोर्जिंग शॉपला. तापलेलं लोखंड घणाखाली घडवायचं काम. महिपत गुहागरकडचा. कमी बोलायचा, खाडा करत नसे. प्रफुल्ल कॉलेजात जायला लागला त्या वर्षी महिपत वारला. त्याच सुमारास माझी पाठ गेली आणि कंपनीने मला हलकं काम म्हणून मैदानावर टाकलं. हलकं काम म्हणजे खेळपट्टीवर रोलर ओढणं. ज्याने त्याला हलकं म्हटलं त्याने रोलर ओढला नव्हता.

वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांचे तेव्हा क्रिकेटचे संघ असत. प्रफुल्लला महिपतच्या जागी नोकरी लागली आणि बॉलिंग टाकतो म्हणून संघातही घेतलं. पहिल्या दिवशी तो जुन्या कॅनव्हासच्या बुटात आला. अंगाने बारीक, हात लांब. सरळ येणारा बॉल टप्पा पडल्यावर शेवटच्या क्षणी बाहेर काढायचा.

मैदानावर काम करणाऱ्याला बॉलर कळतो तो त्याच्या पुढच्या पायाच्या खड्ड्यावरून. बॉल सोडताना पाय जिथे जोरात पडतो तिथली माती उखडते. आळशी बॉलरच्या खुणा इकडेतिकडे पसरलेल्या असतात. प्रफुल्लचा एकच खड्डा असे, एकाच जागी, वीतभर रुंद, खोल. संध्याकाळी त्यात माती भरून, पाणी मारून, ठोकून बसवताना माझी कंबर मोडायची. तरी मला त्या खड्ड्याचा राग येत नसे.

आमच्या मैदानावर दुपारनंतर खाडीकडून वारा सुटायचा. वारा पाठीवर घेऊन बॉलिंग टाकायला सगळे तयार. समोरून वारा घेऊन कोण टाकतो, असं कॅप्टनने विचारलं की बाकीचे बॉलर बुटाच्या लेस बांधायला खाली वाकायचे. प्रफुल्ल बॉलसाठी हात पुढे करायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "रोज तूच का?"

"विचारतात ना काका ते. नाही कसं म्हणायचं?"

ह्याच्यावरच तो वर गेला. मुंबईच्या रणजी संघात चांगले बॉलर पुष्कळ होते. पण जुना बॉल, पाटा विकेट, समोरून वारा आणि चहापानानंतरचं ऊन, अशा वेळी कॅप्टनला प्रफुल्ल आठवायचा. मोठी नावं नव्या बॉलवर विकेटा घ्यायची. मधला सगळा दिवस प्रफुल्ल धावत असायचा. पाच मोसम त्याने असं काढलं. सव्विसाव्या वर्षी भारताच्या संघात नाव आलं. दोन बॉलर दुखापतीने घरी परतले होते, त्यातल्या एकाच्या जागी.

पहिला सामना आम्ही कँटीनमधल्या टीव्हीवर पाहिला. शिफ्ट चालू होती, तरी सुपरवायझर स्वतः येऊन बसला. प्रफुल्लच्या तिसऱ्या ओव्हरमध्ये स्लिपला कॅच सुटला. ज्याचा सुटला त्याने पुढे शंभर केले. प्रफुल्लला विकेट नाही. दुसऱ्या सामन्यात त्याला शेवटच्या ओव्हर दिल्या, ज्या कुणालाच नको असतात. त्याने दोन विकेट घेतल्या आणि सामना जिंकला. कँटीनवाल्याने चहा फुकट वाटला.

संघ परतला. पुढच्या दौऱ्यासाठी नावं जाहीर झाली, त्यात प्रफुल्ल होता. आता तो कुणाच्या जागी नव्हता, स्वतःच्या जागी होता. संघाच्या फिजिओने त्याला सांगितलं, दहा दिवस विश्रांती, बॉलला हात लावायचा नाही, मग फिटनेसची चाचणी, मग विमान. तिसरा सामना दौऱ्याच्या सुरुवातीलाच मिळणार हे जवळपास ठरलेलं होतं. प्रफुल्लला तेवढंच हवं होतं. मला म्हणाला, "दोन मॅच झाल्या तर लोक म्हणतात, चान्स लागला. तीन झाल्या की म्हणतात, टीममध्ये आहे."

त्या दहा दिवसांत एक रविवार आला.

प्रफुल्ल तेव्हा डोंबिवलीला आयरे रोडवर राहायचा. मी शेजारच्या इमारतीत. रविवारी सकाळी मी त्याच्या आईकडे, रखमाबाईंकडे, चहाला जात असे. महिपत असतानाची सवय. त्या दिवशी आळीच्या मंडळाच्या चषकाचा अंतिम सामना होता. टेनिस बॉलचा, सहा ओव्हरचा. आमच्याकडे ह्या स्पर्धा लग्नासारख्या होतात. मांडव, स्पीकर, डीजे, तीन दिवस मैदान भरलेलं. मंडळाचा नियम कडक होता. अंतिम सामन्यात प्रत्येक संघात अकराच्या अकरा आपापल्या आळीतले. बाहेरून भाड्याने खेळाडू आणायचा नाही. आणि आळीतला खेळणारा मुलगा त्या दिवशी घरात बसला तर त्याच्या घरच्यांना वर्षभर ऐकून घ्यावं लागायचं.

दारात आनंद मढवी येऊन उभा राहिला. प्रफुल्लचा शाळेपासूनचा मित्र, मंडळाचा कॅप्टन. मागे पाचसहा जण.

"प्रफ्या, चल. बॉलर नाय आपल्याकडे."

"का? दिन्या कुठेय?"

"दिन्या त्याच्या मामेबहिणीच्या हळदीला गेलेला. पहाटेपर्यंत नाचला. आता पाय सुजलेत, चप्पल घालता येत नाय साल्याला."

प्रफुल्ल हसला. "अरे पण मला मनाई आहे. बॉलला हातच लावायचा नाही."

"लेदरला रे! हा टेनिसचा आहे. हा काय बॉल आहे? पोरं गॅलरीत खेळतात ह्याने."

मी म्हटलं, "जाऊ नकोस. हाताला विश्रांती सांगितली आहे, तर हाताला विश्रांती दे."

रखमाबाई आतून पोळपाट घेऊन बाहेर आल्या. "भावजी, एक ओव्हर टाकून येईल तो. पोरं दारात उभी आहेत." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "का रे? टीव्हीवर दिसलास म्हणून दारातली माणसं परत पाठवणार आहेस?"

प्रफुल्लने कोपऱ्यातले बूट ओढले. रखमाबाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या माहितीत टेनिसचा बॉल म्हणजे खेळणं होतं. आनंदच्या माहितीतही तेच. खुद्द प्रफुल्लच्याही. सगळ्या डोंबिवलीत तुम्हाला कुणी वेगळं सांगितलं नसतं.

मला वेगळं वाटत होतं ते फोर्जिंगमुळे. घण लोखंडावर बसला तर हाताला धक्का बसतो, पण खांदा जागेवर राहतो. घण चुकून हवेत गेला तर त्याचं सगळं ओढणं खांद्यावर येतं. आमच्या शॉपमध्ये खांदे निखळले ते चुकलेल्या घावांनी. लेदरच्या बॉलला वजन असतं. हाताच्या जोराला ते काहीतरी काम देतं. टेनिसच्या बॉलला वजनच नाही. त्यावर पूर्ण जोर लावला की हात रिकामाच फिरतो. हे मी त्याला जिन्यात बोललोही. तो म्हणाला, "हळूच टाकतो, काका."

मैदानाच्या भिंतीवर, शेजारच्या गच्चीवर माणसं. समोरचा संघ टिटवाळ्याकडचा. माइकवर एक पोरगा बसला होता, त्याचं तोंड तीन दिवस बंद झालं नव्हतं.

शेवटची ओव्हर. टिटवाळ्याला जिंकायला दहा धावा हव्यात. आनंदने बॉल प्रफुल्लकडे फेकला.

"आला रे आला! इंडियाचा घाग आला! कॅमेरा लावा! कॅमेरा नाय? मग डोळे लावा!"

प्रफुल्लने खरंच हळू टाकले. पहिल्या तीन बॉलमध्ये दोन धावा गेल्या. चौथा बॉल टप्प्याला थोडा आखूड पडला आणि टिटवाळ्याच्या पोराने तो गच्चीवर मारला. मग माइक सुरू झाला.

"सिक्स! इंडियाच्या बॉलरला टिटवाळ्याचा सिक्स! घागसाहेब, तो बॉल आता रिटर्न तिकीट काढून आणावा लागेल! अरे हा टीव्हीवरचाच ना? का त्याचा भाऊ पाठवलाय?"

लोक हसले. आमच्या आळीतलेही हसले. आनंदने मिडऑफवरून ओरडून सांगितलं, "प्रफ्या, टाक ना आता! नाटक नको करू!"

दोन बॉल, दोन धावा. प्रफुल्ल मागे गेला तो नेहमीपेक्षा लांब गेला. तिथेच मला कळलं. तो धावत आला आणि त्याने सगळं लावलं, आदल्या महिन्यात परदेशात जे लावलं होतं त्याहून जास्त. पायाखालची माती उडाली. बॉल दिसला नाही. मधला स्टंप दिसला, तो विकेटकीपरच्या डोक्यावरून गेला. नवा बॅट्समन आला. पुन्हा तसाच बॉल, पायाच्या बोटांवर. पुन्हा स्टंप. आम्ही एका धावेने जिंकलो.

सगळे त्याच्या अंगावर धावले. त्याला खांद्यावर घेतलं. आनंदने त्याचा उजवा हात मनगटाला धरून वर केला आणि झेंड्यासारखा हलवला. प्रफुल्लचं तोंड उघडं होतं. लोकांना वाटलं ओरडतोय. डीजेच्या आवाजात तसंही काही ऐकू येत नव्हतं. खाली उतरवल्यावर कुणीतरी त्याच्यापुढे थंड पेयाची बाटली धरली. ती त्याने डाव्या हाताने घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्याला मैदानावर माझ्या आधी हजर होता.

"काका, एक स्टंप लावा."

"आधी डॉक्टरकडे जा."

"लावा तर."

मी लावला. त्याने लेदरचा बॉल घेतला. पहिला बॉल टाकला तो अर्ध्यात पडला. दुसरा बाजूच्या नेटमध्ये गेला. तिसऱ्या वेळी हात कानापर्यंत आलाच नाही. तो खेळपट्टीवर उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही.

मी म्हटलं, "फिजिओला फोन कर. आजच. जे आहे ते सांग."

"सांगितलं तर विचारतील, कुठे लागलं."

"मग सांग."

"काय सांगू? मनाई असताना टेनिस खेळलो? पेपरात येईल, काका. मंडळाचं नाव येईल, आनंदचं येईल. आळीत लोक त्याला काय म्हणतील? आणि आईला काय सांगू? ती म्हणेल मी पाठवलं."

"आणि तिसरी मॅच?"

"होईल. आठवडा आहे अजून. बरा होईल."

तो बरा होणारा खांदा नव्हता. त्यालाही ते ठाऊक होतं. त्याने कल्याणच्या एका डॉक्टरकडून इंजेक्शन घेतलं, दुखणं दबलं आणि तो चाचणीला गेला. तिथे त्याने पूर्ण जोराने बॉलिंग टाकली. चौथ्या ओव्हरला खांद्याचा स्नायू फाटला. पेपरात आलं, चाचणीदरम्यान प्रफुल्ल घाग जायबंदी, दौऱ्यातून बाहेर. आळीत मंडळाने फलक लावला, 'प्रफुल्ल, लवकर बरा हो.' खाली आनंदचा फोटो.

दुखणं लपवायला मेहनत लागते. प्रफुल्लने ती पूर्ण केली, जशी तो प्रत्येक गोष्ट पूर्ण करायचा. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तीन महिन्यांत हात सुधारला असता, असं पुढे सर्जनने सांगितलं. एक दौरा गेला असता, थोडी बदनामी झाली असती. लपवल्यामुळे वर्ष गेलं आणि वेग गेला.

ऑपरेशननंतर तो मैदानावर येऊ लागला. खांबाला रबरी पट्टा बांधून ओढायचा. ओला टॉवेल पिळायचा. भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा, रोज थोडा वर. एकही दिवस चुकवला नाही. मी कौतुक म्हणून सांगत नाही, मी बघत होतो म्हणून सांगतो. ह्याच काळात त्याचं लग्न झालं. योगिनी वर्तकनगरची, शाळेत शिक्षिका. तिला खरं कळलं ते माळ्यावरचं पातेलं काढताना. प्रफुल्लने हात वर केला आणि तो अर्ध्यातच थांबला. "चाचणीत लागलेला हात एवढा कसा बिघडेल?" असं ती विचारत राहिली. शेवटी त्याने सांगितलं.

तो मुंबईकडून पुन्हा खेळला. आता तो वेगवान नव्हता. बोटं बॉलवरून फिरवून, टप्पा पडल्यावर अडकेल असा बॉल टाकायला शिकला. विचार करून विकेट घ्यायचा. चार मोसम. त्यातल्या एका मोसमात संघात सर्वांत जास्त विकेट त्याच्या होत्या. पेपरवाल्यांनी लिहिलं, घागला पुन्हा संधी द्या. मी निवड समितीला दोष देणार नाही. त्याच्या पायाचा खड्डा आता उथळ झाला होता. मला तो भरायला दोन मिनिटं पुरायची. काम कमी झालं म्हणून मला कधी बरं वाटलं नाही. जे मला मातीत दिसत होतं ते त्यांना वरून दिसत असणारच.

भारताचा संघ जाहीर व्हायचा त्या दिवशी तो मैदानावर काहीतरी निमित्त काढून थांबायचा. नेट गुंडाळ, स्टंप मोज. मी कँटीनमधून आलो की विचारायचा, "आली का टीम?"

"आली."

"बरं."

बस, एवढंच. असं किती वेळा झालं कोण जाणे. मग कधीतरी त्याने विचारणं सोडलं. तो दिवस कोणता, हे मला आठवत नाही. माझं लक्ष नव्हतं. त्याच्या आयुष्यातला तो एक मोठा दिवस असणार आणि मी बहुतेक गवत कापत होतो.

पुढे कारखाना बंद झाला. मैदानाच्या जागी टॉवर आले. मी मुलाबरोबर टिटवाळ्याला राहायला गेलो. रखमाबाई गेल्या. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि हे प्रफुल्लच्या मनासारखं झालं. तो आता घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत मुलांना क्रिकेट शिकवतो. हिरवं प्लास्टिकचं गवत, चारी बाजूंनी जाळी. मी एकदा पाहायला गेलो होतो. मुलांना बॉल टाकायला मशीन आहे. प्रफुल्ल डाव्या हाताने मशीनमध्ये एकेक बॉल घालतो आणि ओरडतो, "डोकं स्थिर! पाय पुढे!" मशीन न थकता टाकत राहतं. एका मुलाच्या आईने मोबाइलवर त्याचं नाव शोधलं आणि विचारलं, "सर, दोनच मॅचेस?" तो म्हणाला, "दोनच." आणि पुढचा बॉल मशीनमध्ये घातला.

डिसेंबरात एका रविवारी दुपारी मी त्याच्या घरी बसलो होतो. बेल वाजली. आनंद मढवी आला. आता त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, केस काळे केलेले, हातात पत्रिका.

"वहिनी, चहा ठेवा. मोठं काम घेऊन आलोय." मला नमस्कार करून तो सोफ्यावर बसला. "काका, तुम्ही पण यायचंय हां. आपल्या चषकाला पंचवीस वर्षं होतायत. रौप्यमहोत्सव."

"वा," मी म्हटलं.

"प्रफ्या, सत्कार तुझा. शाल, श्रीफळ, मोठी ट्रॉफी. आणि बॅनरवर काय लिहायचं ठरलंय ऐक. 'ती ओव्हर!' बस. एवढंच. आयरेत कुणालाही विचार, ती ओव्हर म्हणजे कुठली. इंडियाच्या मॅच कुणाला आठवतायत? पण ते दोन स्टंप! माझा पोरगा तेव्हा जन्मलेला पण नव्हता, त्याला तोंडपाठ आहे."

प्रफुल्ल हसत होता. "बरं. येतो."

योगिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात गाळणं.

"त्या ओव्हरचा सत्कार?" ती म्हणाली.

"मग काय वहिनी! इतिहास आहे तो."

"योगिनी, चहा बघ," प्रफुल्ल म्हणाला.

"बघते. आधी हे बोलू दे. भावजी, ह्यांचा हात कुठे गेला माहितीये तुम्हाला?"

"चाचणीला. पेपरात आलेलं."

"तुमच्या मैदानात गेला. त्या शेवटच्या बॉलला. तुम्ही वर धरून हलवलात ना, तोच हात."

आनंद तिच्याकडे पाहून हसला, मग त्याने प्रफुल्लकडे पाहिलं आणि त्याचं हसणं थांबलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"खोटं," तो म्हणाला. "काका, तुम्ही पण?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी मीच स्टंप लावला होता."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. योगिनी हलली नाही.

"सांगितलं का नाय मला?" आनंदचा आवाज बारीक झाला होता. "इतकी वर्षं मी त्या ओव्हरच्या गोष्टी सांगतोय. लग्नात सांगतो, दुकानात सांगतो. तू बाजूला उभा राहून ऐकतोस, हसतोस."

"मग काय करू?"

"सांगायचं ना भडव्या!" मग त्याला योगिनी आठवली. "सॉरी वहिनी."

"सांगितलं असतं तर तुला घरातून निघता आलं नसतं," प्रफुल्ल म्हणाला. "आणि काय फरक पडला असता? तुला आधी माहीत असतं, की हात जाणार, तर मला बोलवायला आला नसतास?"

आनंदने लगेच उत्तर दिलं नाही. ह्याबद्दल मला तो माणूस आवडला. त्याने खरंच विचार केला.

"आलो असतो," तो म्हणाला. "तेव्हा आलोच असतो. फायनल होती."

"तेच तर."

"सत्कार कॅन्सल करतो मी."

"का? ओव्हर चांगली होती." प्रफुल्ल पहिल्यांदा जरा पुढे सरकून बसला. "चौथा बॉल सोडला तर. आणि शेवटचे दोन, खरं सांगू, तसे बॉल मी लेदरने कधी टाकले नाहीत. रणजीत नाही, इंडियाकडून नाही. ते माझे सगळ्यात चांगले बॉल होते, आनंद. मला माहीत होतं की माझ्यात ते आहेत. मी ते तिसऱ्या मॅचसाठी ठेवलेले."

योगिनी आत गेली आणि तिने गॅस बंद केला.

जानेवारीत सत्कार झाला. मी टिटवाळ्याहून गेलो. मांडव तसाच, गच्च्यांवर माणसं तशीच, फक्त गच्च्या उंच झाल्या आहेत. टेबलावर ट्रॉफी मांडल्या होत्या. बॅनरवर प्रफुल्लचा जुना फोटो, हात वर केलेला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आनंदने शाल त्याच्या अंगावर घातली आणि माइक हातात घेतला. लिहून आणलेला कागद खिशातून काढला, पाहिला आणि परत ठेवला.

"मी एक खरं बोलणार आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी आम्ही ह्याला खेळायला नेलं ते चुकीचं होतं. त्याला डॉक्टरची मनाई होती. तो नाय म्हणत होता. आम्ही ऐकलं नाय. तो आपल्यासाठी खेळला आणि त्याचं इंडियाचं करिअर तिथे संपलं. ह्या मैदानात संपलं. माफ कर, प्रफ्या."

त्याने प्रफुल्लपुढे हात जोडले.

समोरची पोरं उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या. "घाग! घाग! घाग!" कुणीतरी ओरडलं, "आळीसाठी इंडिया सोडली! ह्याला म्हणतात दोस्ती!" डीजेवाल्याला वाटलं भाषण संपलं, त्याने आवाज वाढवला. आनंद माइकमध्ये आणखी काहीतरी बोलत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते. त्याने हात हलवून डीजे बंद करायला सांगितलं, तर पोरांना वाटलं तो नाचायला बोलावतोय. दोघं स्टेजवर चढलेसुद्धा.

प्रफुल्लने आनंदच्या हातातून माइक घेतला आणि टेबलावर ठेवला. त्याच्या पाठीवर एकदा थोपटलं, डाव्या हाताने. मग खाली येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. शाल घडी करून मांडीवर घेतली. मैदानात टॉस चालू होता.

"एक ओव्हर बघून निघू, काका," तो म्हणाला.

पहिला बॉल टाकायला एक उंच पोरगा धावत आला आणि त्याने सगळा जोर लावला. प्रफुल्लचा उजवा खांदा शर्टाच्या आत हलला. ती ओव्हर संपल्यावर आम्ही निघालो नाही, आणि पुढचीही पाहिली.